भेगाळीची शेपूट

जळकोट, १७ एप्रिल २०२५

धम्मप्रिया,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात यावं म्हणूनच लिहिलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून ही पोस्टाची उठाठेव. पुण्याचा पत्ता बिलोलीला फोन करून तुझ्या आईकडून घेतला. त्यांना काही सांगितलं नाही. त्या बिचाऱ्या ‘सुकन्या, लई दिस झाले, तोंड न्हाई दाखवलीस’ म्हणाल्या आणि मी पत्ता उतरवून घेऊन फोन ठेवला. त्यांच्याशी माझं भांडण नाही. तुझ्याशी आहे.

तुमच्या त्या संस्थेने फेब्रुवारीत पाचवीची प्रज्ञांकुर परीक्षा घेतली. आपल्या वस्तीशाळेतली चौदा पोरं बसली होती. काल निकाल लागला. सगळ्या तालुक्याचा लागला आणि माझ्या चौदाही पोरांच्या नावापुढे ‘निकाल राखीव’. कारण बारीक अक्षरात: सामूहिक कॉपी. शेजारच्याचं खोडरबर मागायला ज्यांना लाज वाटते, ती माळावरची पोरं सामूहिक कॉपी करतात म्हणे!

कॉपी कशात, तेही ऐक. शेवटचे चार प्रश्न एका काल्पनिक वाळवंटी प्राण्यावर. नाव ‘मरुगोधिका’. चित्र बघून उत्तरं लिहा. काल उत्तरसूचीबरोबर ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं आणि अंगाचा तिळपापड झाला. ती भेगाळी आहे, धम्मप्रिया. तिला संस्कृत नाव देऊन सजवली म्हणून मी ओळखणार नाही, असं वाटलं का तुला?

पुण्याच्या हवेत विसरली असशील तर सांगते. २०१८ साल. पाचवीला वाळवंटातल्या सजीवांचा धडा होता. पोरं म्हणाली, ‘वाळवंट पाह्यलं न्हाई, उंट पाह्यला न्हाई, मग पाठ कामून करायचं?’ तेव्हा आपण दोघींनी ठरवलं की पोरांनी स्वतःचं जनावर घडवावं. आठ दिवस शाळेत दुसरं काही चाललं नाही. अंगावर खवले, त्यामुळे दिसायला घोरपडीची बहीण. पण पिलांना दूध पाजते, त्यामुळे त्या कुळातली नव्हे. दिवसभर जमिनीच्या भेगेत उभी राहते, म्हणून भेगाळी. पाय उलथण्यासारखे चपटे. तापल्या वाळूवर एका वेळी दोनच पाय टेकवते, तोवर बाकीचे दोन गार होतात. डोळ्यांवर आरपार दिसणारा पडदा, म्हणजे वादळातही वाट सापडते. पहाटे खवले उभे करते आणि त्यांवर दव धरते.

आणि पाणी साठवत नाही. पहाटे सगळ्या भेगाळ्या वाळूच्या उतारावर ओळीने निजतात, वरचीची शेपूट खालचीच्या कपाळावर. शेपटीला मधोमध पन्हळ. दव एकीच्या पाठीवरून शेपटीत, शेपटीतून दुसरीच्या पाठीवर, असं उतरत जातं. सगळ्यात लहान पिल्लू सगळ्यात खाली, ते आधी पितं. त्याचं पोट भरलं की ते मान हलवतं, मग त्याच्या वरची तोंड उघडते. सगळ्यात थोराड ती सगळ्यात वर, तिला सगळ्यात शेवटी.

गेली सात वर्षं मी दर पाचवीला हे शिकवते. पेपरात विचारलं, शेपटीचा उपयोग काय? चौदाही पोरांनी ‘पाणी पुढे देणे’वर खूण केली. पाणी कसे मिळवते? चौदांनी लिहिलं, ‘ओळीने निजून. लहान आधी.’ आणि चौदांनी ‘मरुगोधिका’वर काट मारून ‘भेगाळी’ लिहिलं. म्हणून कॉपी! तुमच्या सूचीत बरोबर उत्तर आहे, ‘पाणी साठवणे’.

फेब्रुवारीत पोरं पेपर देऊन नाचत बाहेर आली होती. ‘म्याडम, पेपरात आपली भेगाळी आल्ती!’ आणि मी खुळी, मला वाटलं, तू ओळख दिलीस. घरी येऊन गोडाचं केलं होतं मी त्या दिवशी.

आपले निवृत्त केंद्रप्रमुख व्यंकटराव सर सांगत होते की तू त्याच संस्थेत प्रश्न काढतेस. तर आता एक कर. हे जनावर आमच्या शाळेत जन्मलं, पोरांना ते आधीच माहीत होतं, एवढं त्यांना लेखी दे. चोरलंस ते चोरलंस, निदान नीट तरी चोरायचं होतंस. शेपटीत पाणी साठवते म्हणे!

तुझी एकेकाळची सहशिक्षिका,
सुकन्या


जळकोट, २९ एप्रिल २०२५

धम्मप्रिया,

स्पीड पोस्टाची पावती सांगते की पत्र २१ तारखेला तुझ्या हातात पडलं. आठ दिवस झाले. पोस्टकार्ड महाग झालं का पुण्यात?

तू मूग गिळून बस, इथे काय चाललंय ते मी सांगते. संस्थेचं पत्र आलं. १२ मेला लातूरला चौकशी. मी हजर राहायचं आणि एका विद्यार्थ्याला सोबत आणायचं. शाळेने समाधानकारक खुलासा केला नाही, तर चौदाही पोरं बाद आणि शाळेवर तीन वर्षं बंदी.

परवा तुळजाची आई सरजाबाई शाळेत आली. तुळजा म्हणजे या वर्षीची माझी सगळ्यात हुशार पोरगी. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जातात, चैताशिवाय परतत नाहीत. चौथीपर्यंत आजी होती, तिच्याकडे पोरगी राहायची. आजी गेली. या परीक्षेत निवड झाली की निवासी शाळेत फुकट जागा मिळते, म्हणून तुळजा वर्षभर सकाळी सातला माझ्या दारात उभी असायची.

सरजाबाई बाकावर बसलीच नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “पोरीनं चोरी केली म्हनत्यात. खरं हाय का म्याडम?”

“नाही हो. खोटं आहे ते.”

“मग खोटं हाय असं कागदावर लिवून द्या की. मुकादम विचारून राहिला, तुमचा जोडप्याचा एक कोयता, औंदा पोरीला धरून दीड लावू का म्हनून. काय सांगू त्याला?”

मी म्हटलं, बारा तारखेपर्यंत थांबा. ती म्हणाली, “आमी थांबताव. त्यो थांबतो का?”

तू हे वाचून काय करशील? तुझ्या पंख्याखाली बसून दुसरं एखादं जनावर चोरशील.

आणि त्या बक्षिसाचं अजून मनात धरून बसली असशील, तर तेही बोलून टाकते. शैक्षणिक साहित्य स्पर्धा, लातूर, २०१९. अर्जात नावासाठी एकच रकाना होता. मी काय तो फाडून दोन करायचा होता? तू तेव्हा बिलोलीला होतीस, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. तुला विचारायला वेळ नव्हता. परत आलीस, भिंतीवरचं प्रमाणपत्र पाहिलंस, एक शब्द न बोलता बदलीचा अर्ज दिलास आणि पुढे नोकरीच सोडलीस. भांडली असतीस तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तर होतं.

ते राहू दे. पोरांचा काय दोष, एवढं सांग.

सुकन्या


जळकोट, ८ मे २०२५

धम्मप्रिया,

तुझं पाकीट मिळालं. वरचं अक्षर तुझं. आत चिठ्ठी नाही, सही नाही, नुसत्या दोन झेरॉक्स.

पहिली तुमच्या प्रश्नपेढीची चिठ्ठी. विषय: परिसर अभ्यास. प्रश्न काढणाऱ्याची सही भलत्याच कोणाची. स्रोत: शैक्षणिक साहित्य स्पर्धा पुस्तिका २०१९, पान ४३. तुझं नाव कुठेच नाही. व्यंकटराव सरांना फोन करून पुन्हा विचारलं, तर म्हणतात, ‘हां, ती गणिताचे प्रश्न काढते बहुतेक.’ बहुतेक! एवढ्यावर मी तुला चोर म्हटलं.

दुसरी झेरॉक्स पान ४३ ची. माझा तक्ता. फुगीर शेपटीची भेगाळी, आत निळा रंग, बाण काढून लिहिलेलं: ‘येथे पाणी साठवते’. खाली माझं नाव.

आधी मला तुझाच राग आला. वाटलं, सहा वर्षं हे जपून ठेवलंस, वेळ येताच तोंडावर मारायला. पाकीट ओट्यावर आपटलं. स्वयंपाक केला, जेवले नाही. मग तेच पान पुन्हा पाहायला घेतलं. त्यात शेपटीच्या निळ्या रंगाखाली पन्हळीची पेन्सिल अजून दिसते. खोडरबराने नीट गेली नव्हती. छापताना तीही छापली गेली आहे.

तर ऐक. जे सहा वर्षं कोणाला सांगितलं नाही, ते सांगते.

स्पर्धेच्या सकाळी एक परीक्षक तक्ते बघत फिरत होते. आपल्या तक्त्यासमोर थांबले. म्हणाले, कल्पना छान आहे हो, पण ओळीने झोपून एकमेकांना पाणी देणं शास्त्रीय वाटत नाही, उंटासारखं साठवण दाखवा. ते पुढच्या टेबलावर जाईपर्यंत मी खोडरबर काढलं होतं. शेपूट फुगवली. निळा खडू शेजारच्या शाळेकडून मागून घेतला. पहिला नंबर आला.

मग मंचावर विचारलं, ही कल्पना तुमची एकटीची का? रकाना एकच होता हे खरं, पण तोंडाला काही रकाना नसतो. मी म्हणाले, माझीच, सोबत एक मदतनीस होत्या.

मदतनीस! पन्हळ तुझी. ओळ तुझी. ‘लहान आधी’ तुझं. मी तर पहिल्या दिवसापासून टाकी टाकी म्हणत होते. आमच्या वावरात बोअर आहे, घरामागे हौद आहे आणि हौदाला कुलूप आहे. पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर तेच येतं. तुमच्या वस्तीकडे टँकर गावभर फिरून सगळ्यात शेवटी यायचा. खाली उरलेलं पाणी तुझी आजी तांब्याने मोजून द्यायची, आधी तान्ह्या पोरांच्या घरी, मग बाकीच्यांना, शेवटी स्वतःच्या घागरीत. हे तू वर्गात सांगितलंस. भेगाळी त्या दिवशी पुरी झाली. आणि मी तिच्यात हौद बसवला.

वर्गात मात्र सात वर्षं तुझीच भेगाळी शिकवली. पोरांसमोर मला दुसरी काढताच आली नाही. चूक कळत होती म्हणूनच ना? तरी ते प्रमाणपत्र मी भिंतीवरून काढलं नाही.

पान ४३ चं तू मला आधी का नाही सांगितलंस, असं अजूनही मनात येतं. निर्लज्जपणाला हद्द असते. माझ्याला नाही.

१२ तारखेला मी जाणार आहे.

सुकन्या


जळकोट, १३ मे २०२५

धम्मप्रिया,

काल लातूरला जाऊन आले. सोबत तुळजा. एसटीत तिने खिडकी सोडली नाही आणि मी तिच्याशी धड बोलले नाही.

चौकशीला संगमेश्वर सर नावाचे एक गृहस्थ होते. माणूस वाईट नाही, पण कागदाबाहेर बघायची सवय नाही. त्यांच्यापुढे पान ४३ होतंच. म्हणाले, “म्याडम, तुमच्याच नावानं छापलंय, शेपटीत साठवते. मग पोरांना दुसरं कुणी शिकवलं?”

“मीच. पुस्तिकेत मी खोटं काढलं होतं.”

“म्हणजे बक्षीस खोट्याला मिळालं?”

“हो.”

“लेखी द्याल?”

दिलं. तिथेच बसून, पाऊण पान. प्रमाणपत्रही नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. त्यांना त्याचं काय करावं ते सुचेना, शेवटी त्यावर चहाचा कप ठेवला.

मग तुळजाला जवळ बोलावलं. गोड आवाजात म्हणाले, “बाळा, असं कर. शेपटीत साठवते, आम्ही चुकलो, एवढं लिहून सही कर. दोन मार्क जातील, बाकी सगळे राहतील. मी प्रकरण मिटवून टाकतो.”

माझ्या तोंडावर आलं होतं की लिही गं, मिटव. खरं सांगते. दोन मार्कांनी तिचं काही बिघडत नव्हतं.

तुळजा म्हणाली, “न्हाई सर. तिच्यापाशी साठा असता तर ती बाकीच्यांना कामून बोलावली असती? एकटीच बसली असती की भेगंत.”

संगमेश्वर सर हसले. मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पर्सची चेन बघत बसले.

मला संताप त्यांचा आला की माझा, ते नीट सांगता येणार नाही. अकरा वर्षांची पोर, कोयता डोक्यावर टांगलेला, तिला खोटं लिहायला सांगतात, ती नाही म्हणते. आणि मला तर कोणी सांगितलंही नव्हतं, नुसतं सुचवलं होतं. एका निळ्या खडूसाठी मी वाकले!

शेवटी सर म्हणाले, “म्याडम, तुमच्या शब्दाला तुमचाच कागद आडवा येतो. तुम्ही आता पोरांना वाचवायला बोलताय असं वरचे म्हणतील. पन्हळ पहिल्यापासून होती, हे सांगणारं दुसरं कोणी आहे का?”

मी म्हटलं, जिची ती आहे, तीच आहे.

सोबत निवेदन पाठवते. वर ‘मूळ रचना’ पुढची ओळ कोरी ठेवली आहे, तिथे तुझं नाव आणि सही. खाली माझं. मग हजेरीप्रमाणे पोरांची नावं, जन्मतारखांसह, कारण संस्थेला त्या लागतात. तू त्यांच्याच पगारावर आहेस. त्यांची उत्तरसूची चुकली असं लिहून दिलंस तर तिथे तुला कोणी हार घालणार नाही, हे मला कळतं. मागायचा मला काही हक्कही नाही. तरी मागते. ३० मेच्या आत पोचायला हवं.

माझ्यासाठी करू नकोस. तुळजाने तिथे तुझी बाजू घेतली, तिला तुझं नावही माहीत नाही.

सुकन्या


जळकोट, ११ जून २०२५

धम्मप्रिया,

तुझं पाकीट २४ मेला आलं. उघडताना वाटलं, या वेळी तरी दोन ओळी असतील. शिवी असती तरी चालली असती. नाहीच! मी चार पत्रं लिहिली, पानंच्या पानं, आणि तू मला एक अक्षर लिहिलं नाहीस. इतका हट्ट बरा नव्हे.

बरं, माझा कागद तरी आहे तसा पाठवावास? तोही नाही. अख्खं निवेदन तू स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिलंस. मजकुरात एक काना बदलला नाहीस, ‘मूळ रचना’ ही ओळ तेवढी गाळलीस. आणि माझी यादी उलटीपालटी केलीस. आधी पोरं. पहिलं नाव बसवंत, दुसरं तुळजा. मला कळेना, हजेरीत बसवंत नववा आहे, वर कसा आला? मग जन्मतारखा वाचत खाली गेले. बसवंत सगळ्यात लहान. तुळजा त्याच्याहून दीड महिन्याने मोठी. अशी चौदाही. त्यांच्या खाली माझं नाव. आणि सगळ्यात शेवटी, पानाच्या अगदी तळाला, तू, सही आणि तारखेसकट.

ओट्याशी उभी राहून रडले. नवरा विचारायला लागला, कोण गेलं? म्हटलं, कोणी नाही, पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन स्वतः लातूरला गेले. निकाल काल लागला. कॉपीचा ठपका काढला. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली आहेत म्हणे, टाकीसुद्धा! त्यावर मी अजून भांडणार आहे. तुळजाची निवड झाली, आणखी एका पोरीची झाली. बसवंत तीन मार्कांनी हुकला. तो म्हणतो, “भेगाळीचं बरोबर होतं म्याडम, अपूर्णांकानं मारलं.” अपूर्णांक तुमच्या खात्यातले, तेव्हा त्याचा जाब तुला द्यावा लागेल. सरजाबाईने मुकादमाला एकच कोयता सांगितला. तिने मला एक शेर तीळ आणून दिले आणि विचारलं, “ती दुसरी म्याडम कोन वो, जिनं सही केली?” मी सांगितलं. सगळं सांगितलं, मदतनीसासकट. भिंतीवर आता खिळा आहे, तो राहू दिलाय.

पण एक गोष्ट मला खपलेली नाही आणि ती मी तुला सुनावणार आहे. सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव लिहिलंस, ते काय समजून? मोठेपणा दाखवायला? ओळ वयाने लागते, धम्मप्रिया. नियम तुझा आहे, तुझ्या आजीचा आहे, तो तूच मोडायचा नाहीस. माझा जन्म ८३ चा, तुझा ८५ चा. माझ्या आधी तुझा नंबर.

म्हणून संगमेश्वर सरांच्या टेबलावर कागद देण्याआधी मी पेन काढलं, माझं नाव खोडलं आणि तुझ्या खाली, कागदाच्या काठाला जेमतेम जागा होती, तिथे लिहिलं. सर म्हणाले, “म्याडम, खाडाखोड चालत नाही.” मी म्हटलं, ही चालेल.

तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
सुकन्या